एक्क्याण्णव पायऱ्या

माझ्या वडिलांनी कराडच्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवला. त्यात माया संस्कृती बत्तीस वेळा शिकवली, दरवेळी एकाच तासात, कारण पुस्तकात ती पाऊण पानाची होती. त्या पाऊण पानातलं आप्पांचं आवडतं वाक्य पिरॅमिडबद्दल होतं. चिचेन इत्झाच्या पिरॅमिडला चारही बाजूंना एक्क्याण्णव पायऱ्या, त्यात वरचा चौथरा मिळवला की तीनशे पासष्ट, म्हणजे वर्षाचे दिवस. हा गुणाकार ते फळ्यावर करून दाखवत. परीक्षेत तो कधीच आला नाही. तरीही कराडातली पन्नाशीला टेकलेली माणसं रस्त्यात भेटली की अजून 'सर, एक्क्याण्णव चोक' म्हणून नमस्कार करतात.

२००६ च्या दिवाळीत आप्पांचे मित्र आणि गणिताचे निवृत्त शिक्षक विष्णुपंत सबनीस एका टूर कंपनीबरोबर इजिप्तला जाऊन आले. आल्यावर त्यांनी ज्येष्ठ नागरिक संघात 'मी पाहिलेले पिरॅमिड' या विषयावर दोन तास व्याख्यान दिलं. प्रश्नोत्तरांच्या वेळी ते आप्पांकडे बघून म्हणाले, "काही लोक पिरॅमिड नुसते शिकवतात. प्रत्यक्ष बघणं वेगळं." आप्पा उभे राहिले आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी मी माया पिरॅमिड बघून येतो. व्याख्यानाची तारीख आत्ताच घ्या." संघाच्या सेक्रेटरींनी ती घेतली आणि विषयही लिहिला: 'मी पाहिलेली माया संस्कृती'. मग आप्पांनी मला जर्मनीत एर्लांगेनला फोन करून हे कळवलं.

मी एर्लांगेनमधल्या एका मोठ्या विजेच्या कंपनीत टर्बाईनची पाती तपासतो. चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे सगळी तयारी मीच केली. आप्पांनी मार्चमध्ये जर्मनीत यायचं, ईस्टरच्या सुट्टीत मी, बायको शैला, मुलगी स्वानंदी आणि आप्पा अशा चौघांनी मेक्सिकोला जायचं, मेअखेरीस आप्पांनी कराडला परतून व्याख्यान द्यायचं. पाहुण्याचा सगळा भार मी उचलीन अशी सरकारदरबारी शपथ घ्यायची असते, ती घेतली. आप्पांचा विमा काढला. मेक्सिकोचा व्हिसाही मिळाला. सगळे कागद पंच करून एका ऑर्डनरमध्ये, म्हणजे जाड फाईलमध्ये, लावले आणि तिच्या पाठीवर लेबल चिकटवलं.

निघायला सहा दिवस असताना प्रवास कचेरीतल्या फ्राऊ क्योस्टलरने पासपोर्टच्या झेरॉक्स मागितल्या. आप्पांच्या व्हिसाच्या पानावर ती थांबली.

"हेअर पाटणकर, तुमचे वडील जातील. पण येणार कसे?"

व्हिसावर छापलं होतं: प्रवेशांची संख्या, शून्य एक. हे मी आधी वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं, आणि बरोबर वाटलं होतं. आप्पा जर्मनीत एकदाच प्रवेश करणार होते, मार्चमध्ये. एप्रिलमध्ये मेक्सिकोहून यायचं ते काही प्रवेश करणं नव्हे, ते घरी येणं. चौदा वर्षं एका गावात राहिल्यावर माणसाचं डोकं असं चालायला लागतं.

परदेशी नागरिकांच्या कचेरीतल्या बाईंनी अर्धा तास खर्च करून मला समजावलं की हा व्हिसा इथे बदलता येत नाही, तो मुंबईतच नवा घ्यावा लागेल. शेवटी त्यांनी एक माहितीपत्रक दिलं. ते आमच्या घरी होतं. ऑर्डनरमध्ये, पान सात.

"पंच केलंस," शैला म्हणाली, "लेबल लावलंस, आतली पानं रंगांप्रमाणे लावलीस. वाचायचं तेवढं राहिलं."

"वाचलं होतं."

"मग तर आणखी वाईट."

आप्पा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी माकडटोपी घालून बसले होते. मार्चमध्ये आल्यापासून त्यांनी ती फक्त आंघोळीला काढली होती. त्यांनी पासपोर्ट हातात घेऊन ते 'शून्य एक' बराच वेळ पाहिलं.

"बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "शाळेतसुद्धा मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर गेलेल्या पोराला मी आत घेत नसे."

"आप्पा, मी रद्द करतो सगळं."

"माझी तारीख रद्द होणार आहे का? बोर्ड लागलाय संघात. सबनीस रोज त्या बोर्डासमोरून दूध आणायला जातो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू जा. मी इथून बघतो."

"इथून कसं बघणार?"

"बत्तीस वर्षं कुठून बघत होतो?"

आप्पांना एकटं ठेवायचा प्रश्न होता. मी थांबतो म्हणालो तर शैलाने तो विषयच संपवला. "मी थांबते. मला त्या समुद्रकिनाऱ्यावर पहाटे उठून जागा धरायला खुर्चीवर टॉवेल टाकायची हौस नाही. आणि तू निदान काहीतरी मोजून येशील."

अशा रीतीने मी आणि चौदा वर्षांची स्वानंदी मेक्सिकोला गेलो. स्वानंदीला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तर जर्मनमध्ये देते. शाळेत दोन वर्षं स्पॅनिश शिकल्यामुळे यावेळी ती माझ्यापेक्षा महत्त्वाची होती, आणि तिला ते माहीत होतं. इकडे आप्पांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयामार्फत थेट बॉनहून मायांवरचं एक जाडजूड जर्मन पुस्तक मागवलं. त्यातलं एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं. नकाशे मात्र येत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी पिरॅमिडसमोर उभा राहून फोन लावला. एर्लांगेनमध्ये संध्याकाळचे पाच वाजले होते. चहाच्या कपाचा आवाज ऐकू आला.

"पोचलास? तोंड कुठल्या दिशेला आहे तुझं?"

"आप्पा, मी सावलीत आहे."

"सावलीला दिशा असते. खाली सापाची दोन दगडी तोंडं दिसतायत का?"

"दिसतायत."

"मग ती उत्तर बाजू. मोज."

वर चढायला आदल्या वर्षीपासून बंदी होती. पिरॅमिडभोवती दोरी लावली होती. खालून डोळ्यांनीच मोजायचं होतं, अडतीस अंश उन्हात, मधे टोप्या घातलेले शेदोनशे लोक. मी अठ्ठ्याऐंशी मोजल्या.

"परत मोज."

"ड्रायउंडनॉयन्त्सिश," स्वानंदी म्हणाली. म्हणजे त्र्याण्णव.

"सरासरी काढा," फोनमध्ये आप्पांच्या मागून शैलाचा आवाज आला. "साडेनव्वद येते. अर्धी पायरी देवाला."

शेवटी कॅमेऱ्याने जिन्याचे खालून वर सहा फोटो काढले आणि छोट्या पडद्यावर, बोटाने सावली करत, एकेक पायरी मोजली. आल्या एक्क्याण्णव. मी फोनवर सांगितलं. पलीकडे कप बशीत टेकल्याचा आवाज आला.

"आप्पा?"

"ऐकलं," ते म्हणाले. "पश्चिम बाजू."

पश्चिमेलाही एक्क्याण्णव भरल्या. मग आम्ही उरलेल्या दोन बाजूंना गेलो आणि मी थांबलो. तिथे जिना असा नव्हताच. खालपासून ढासळलेला दगडांचा उतार होता, मधूनमधून गवत.

"आप्पा, या बाजूला मोजता येत नाहीत. पडल्यात."

"किती पडल्यात?"

"पडलेल्या कशा मोजू?"

"मग तीनशे पासष्ट मोजल्या कुणी?"

"मोजल्या असतील कुणीतरी. दोन्हींकडे आहेत म्हणजे चारी बाजूंना असणारच ना."

"असणारच," आप्पा म्हणाले. "बत्तीस वर्षं मीही असणारच म्हणून सांगितलं." मग आवाज जरा बदलला. "बरं, दगड पुरे. माणसं कुठायत?"

"कुठली माणसं?"

"माया. पुस्तकात शेवटचं वाक्य आहे, 'पुढे ही संस्कृती नाहीशी झाली.' एक्क्याण्णव निदान अर्ध्या तरी खऱ्या निघाल्या. आता हे बघून ये."

दुसऱ्या दिवशी आम्ही एलिहियो नावाच्या माणसाची टॅक्सी केली. त्याला स्वानंदीने आपल्या दोन वर्षांच्या स्पॅनिशमध्ये विचारलं, इथे माया लोक कुठे भेटतील. एलिहियोने आरशातून तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तरीही आम्हाला पुरेसा पुरावा मिळावा म्हणून तो आम्हाला त्याच्या बहिणीकडे घेऊन गेला.

रस्ता सरळ आणि जमीन इस्त्री केल्यासारखी सपाट होती. दोन्ही बाजूंना पानं गळलेली खुरटी झाडी. आप्पा फोनवर होतेच.

"नदी दिसते का?"

"नाही."

"दिसणार नाही. चुनखडी आहे, पाणी सगळं खाली. शेतं?"

"शेतं जळलीयत, आप्पा. सगळं काळं आहे. मधेच धूर निघतोय. वणवा लागला असेल."

"वणवा कसला रे! एप्रिल आहे. राब भाजतायत. पावसाआधी पाटणच्या डोंगरात आपले लोक काय करतात? तुला नेलं होतं मी, सहावीत होतास."

मला आठवलं नाही. हो म्हणालो.

एलिहियोच्या बहिणीचं नाव डोन्या फेलिपा. साठीची, ठेंगणी, अंगात पांढरा सैल झगा, त्याच्या गळ्याला आणि घेराला रंगीत फुलं भरलेली. घर गवताने शाकारलेलं. परसात चुलीवर तवा होता आणि ती हाताने थापून मक्याच्या भाकऱ्या टाकत होती. आपल्यापेक्षा पातळ आणि लहान, पण भाजताना फुगत होत्या. आप्पांना एकेक गोष्ट सांगत होतो आणि ते शैलाला लिहून घ्यायला सांगत होते. चूल तीन दगडांची, लिही. पाटा आहे पण त्याला तीन पाय आहेत, लिही. मका चुन्याच्या पाण्यात भिजवतात, लिही.

"खाण्याचा चुना?" शैलाने विचारलं.

"लिहा आधी, मग शंका," आप्पा म्हणाले.

मग त्यांनी आपला प्रश्न विचारला. फोन स्पीकरवर होता. आप्पा मराठीत बोलले, स्वानंदीने त्याचं स्पॅनिश केलं, एलिहियोने मायात सांगितलं. "आमच्या पुस्तकात लिहिलंय की तुम्ही लोक नाहीसे झालात. यावर तुमचं म्हणणं काय?"

डोन्या फेलिपा भाकरी उलटता उलटता हसली. उत्तर त्याच रस्त्याने उलटं आलं. एलिहियोचं स्पॅनिश, स्वानंदीचं जर्मन, माझं मराठी. "ती विचारतेय, कोण विचारतंय?"

"सांग, कराडचे एक शिक्षक."

"ती विचारतेय, ते कुठे आहेत?"

"जर्मनीत."

"जर्मन आहेत का?"

"नाही, भारतीय."

"मग जर्मनीत काय करतायत? इथे का आले नाहीत?"

मी उत्तराची जुळवाजुळव करू लागलो. पण आप्पा पलीकडून स्वच्छ म्हणाले, "सांग तिला. इथून बाहेर पडता येतं, पण पडलो तर परत आत घेणार नाहीत."

स्वानंदीने ते सांगितलं. ते एवढं अवघड वाक्य तिने कसं केलं कोण जाणे, पण एलिहियोला पहिल्या फटक्यात कळलं, आणि त्याने बहिणीला सांगताच तिचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली. ती एलिहियोशी खूप वेळ बोलली. तो स्वानंदीशी त्यामानाने थोडं बोलला.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

स्वानंदी म्हणाली, आणि चक्क मराठीत म्हणाली, "तिचा मुलगा अमेरिकेत आहे. सहा वर्षं. हॉटेलात भांडी धुतो. तो येऊ शकतो इथे. पण आला तर परत जाता येणार नाही. म्हणून येत नाही."

डोन्या फेलिपाने हात पुसले आणि माझ्याकडे फोन मागितला. स्पीकर बंद कसा झाला ते कळलं नाही. फोन कानाला लावून ती चुलीपासून दूर, परसातल्या झाडाखाली गेली आणि बोलू लागली. माया भाषेत, मधे थांबत, समोरच्याचं ऐकत, मान डोलवत. शैलाने नंतर सांगितलं की आप्पाही बोलत होते, मराठीत, आणि माकडटोपी काढून. असं चार मिनिटं चाललं. मग फोनची बॅटरी संपली.

आम्हाला तिने भाकऱ्या खायला घातल्या. करपलेली स्वतः घेतली.

घरी परतल्यावर स्वानंदीने आजोबांसाठी भेट म्हणून कॉम्प्युटरवर एक फोटो तयार केला. त्यात आप्पा पिरॅमिडसमोर उभे. काम इतकं सफाईदार होतं की मीच दोनदा पाहिलं. सावलीसुद्धा योग्य बाजूला पाडली होती. एकच खोट, आप्पांच्या डोक्यावर माकडटोपी होती.

मी तो फोटो घेऊन आप्पांकडे गेलो. चूक माझी होती, भरपाई करायची संधी दिसत होती. "आप्पा, टोपी काढून टाकते ती. हा एक फोटो आणि मी आणलेले बाकीचे. तुम्हाला माहिती सगळी आहेच, माझ्यापेक्षा जास्त. कराडहून युकातानला खात्री करायला कोण जाणार आहे?"

"सबनीस विचारेल."

"काय विचारेल? पायऱ्या तर मोजल्यात."

आप्पांनी फोटो घेतला, वहीत ठेवला आणि म्हणाले, "टोपी राहू दे."

याचा अर्थ मी होकार असा घेतला. चुका शोधण्याचा पगार मिळतो म्हणून घरीही सापडतात असं नाही.

एक मेला इथे कामगार दिनाची सुट्टी असते आणि आमचा महाराष्ट्र दिन असतो, त्यामुळे आमच्या मराठी मंडळाला हा एकच सण तारखेला साजरा करता येतो. चर्चच्या मागचा हॉल, पस्तीस कुटुंबं, बटाटेवडे, आणि भिंतीवर सूचना: कचरा चार डब्यांत वेगळा टाका. मंडळाचा अध्यक्ष प्रसन्न शेजारच्या हेर्त्सोगेनआउराख गावी बेअरिंगच्या कामात आहे. भाषण सुरू केलं की घर्षण नसल्यामुळे तो थांबत नाही. आप्पांनी कराडच्या व्याख्यानाची रंगीत तालीम इथे करावी ही कल्पना त्याचीच. निमंत्रणाच्या ईमेलमध्ये त्याने परस्पर 'नुकतेच मेक्सिकोहून परतलेले' असं छापलं होतं. मी ते वाचलं होतं. दुरुस्त केलं नव्हतं.

"आल्झो, तर मंडळी," प्रसन्न माईकवर म्हणाला, "ज्या वयात आपले आईवडील जिने टाळतात, त्या वयात पाटणकर सर मायांच्या पिरॅमिडवर..."

शैलाने माझ्याकडे पाहिलं. मी कचऱ्याची सूचना वाचू लागलो.

टाळ्या झाल्या. आप्पा उठले. टोपी घडी करून खिशात ठेवली. "पहिला फोटो लाव," ते स्वानंदीला म्हणाले. पडद्यावर आप्पा आले, पिरॅमिडसमोर, माकडटोपीत. पुन्हा टाळ्या.

"हा फोटो खोटा आहे," आप्पा म्हणाले. "टोपी तेवढी खरी आहे."

लोक हसले. सरांचा विनोद म्हणून हसले. आप्पा हसणं संपायची वाट बघत उभे राहिले, वर्गात राहायचे तसे. "मी मेक्सिकोला गेलो नाही. मला जाता आलं असतं, परत येता आलं नसतं. तेव्हा मी इथेच होतो, मुलाच्या स्वयंपाकघरात. पिरॅमिड त्याने पाहिला, मी ऐकला. आता जे ऐकलं तेवढंच सांगतो. पायऱ्या दोन बाजूंना एक्क्याण्णव आहेत. उरलेल्या दोन बाजूंच्या पडल्यात. त्या किती होत्या हे मला माहीत नाही. बत्तीस वर्षं माहीत असल्यासारखं शिकवलं, त्याबद्दल माझ्या विद्यार्थ्यांची माफी मागायची आहे. इथे कुणी कराडचं आहे का?"

मागच्या रांगेतून एक चाळिशीचा माणूस, वडा हातात धरून, उभा राहिला. "मी, सर. त्र्याऐंशीची बॅच."

"बस. माफ कर."

"काही हरकत नाही, सर," तो म्हणाला आणि बसला.

मग आप्पा पन्नास मिनिटं बोलले. राब, तीन पायांचा पाटा, चुन्यातला मका. पिरॅमिडला त्यांनी जेमतेम पाच मिनिटं दिली. डोन्या फेलिपाच्या मुलाचा विषय आला तेव्हा हॉलमध्ये कुणी वड्याच्या ताटलीला हात लावेना. तिथल्या प्रत्येकाच्या घरात व्हिसाची फाईल होती.

शेवटी शिवांगी नावाच्या एका नुकत्याच लग्न होऊन आलेल्या मुलीने विचारलं, "काका, त्या बाई तुमच्याशी चार मिनिटं काय बोलल्या?"

"कळलं नाही," आप्पा म्हणाले. "मी 'हो' म्हणत होतो. आणि मधे मधे 'येईल' म्हणत होतो."

मेअखेरीस आप्पा कराडला गेले. संघाच्या बोर्डावरचा विषय त्यांनी स्वतः खडूने बदलला: 'मी न पाहिलेली माया संस्कृती'. व्याख्यान झाल्यावर आठवड्याने त्यांचं पत्र आलं.

'चि. जयंत, व्याख्यान झालं. गर्दी बरी होती. सबनीस पहिल्या रांगेत होता, प्रश्न विचारला नाही. याचं मला आश्चर्य वाटलं. दुसऱ्या दिवशी घरी आला. चहा झाला. मग म्हणाला, दत्तू, इजिप्तमध्ये त्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं, मी बसमध्येच होतो रे. पिरॅमिड मी बाकीच्यांच्या फोटोत पाहिले. हे कुणाला सांगू नकोस म्हणाला, म्हणून तुलाच फक्त लिहितो आहे. मी त्याला विचारलं, बसच्या खिडकीतून काय दिसत होतं? तर एक उंटवाला होता म्हणाला, आणि त्याचा उंटाशी काहीतरी वाद चालला होता. त्यावर सबनीस दीड तास बोलला. पहिल्या व्याख्यानापेक्षा कितीतरी चांगलं झालं.'